चांद्याला न मिळालेली ज्यूरी

पोंभुर्णा तालुक्यातल्या शेतकऱ्याला न्यायाच्या कामासाठी बोलावणं येतं, ते बहुधा पंच म्हणून. बांधीतला धान कापणीला आलेला असतो आणि नेमक्या त्याच आठवड्यात जंगलात वीजतारेला चिकटून मेलेलं रानडुक्कर सापडतं, नाहीतर गावात मारामारी होते. वनरक्षक किंवा पोलीस ‘जरा या’ म्हणतात. दोन माणसं जातात, उभी राहतात, पाहतात, सह्या करतात. मग दोन-तीन वर्षांनी चंद्रपूरच्या कोर्टाचं समन्स येतं, तोवर तारेचा रंगही आठवत नसतो.

अमेरिकेत नागरिकत्व घेऊन राहिलेल्या मराठी कुटुंबात टपालानं येणारं बोलावणं वेगळं असतं. मतदारांच्या किंवा वाहन परवान्याच्या यादीतून चिठ्ठी निघावी तसं नाव निघालेलं असतं. पत्रात लिहिलेलं असतं, अमुक दिवशी ज्यूरीच्या कामासाठी हजर व्हा. हा माणूस कागदावर सही करून परत येत नाही. पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष, हे तो ठरवतो.

दोघेही साधे नागरिक, दोघांनाही न्यायासाठीच बोलावलेलं. एकाला विचारतात, ‘काय पाहिलंस?’ दुसऱ्याला विचारतात, ‘तुला काय वाटतं?’ आपल्याकडे हा दुसरा प्रश्न विचारण्याची रीत होती आणि कायद्यानं ती १९७४ साली निकालात काढली. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, रयतेला मात्र तो प्रश्न खऱ्या अर्थानं कधी विचारलाच गेला नाही.

निशाणी नांगर

इंग्रज येण्यापूर्वी मराठी मुलखात वतनाचे, हद्दीचे, वाटणीचे तंटे गोतसभेपुढे जात. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे वतनदार असे सारे बसत, साक्षी ऐकत आणि निवाडा महजर नावाच्या दस्तात उतरवत. जुन्या महजराचा तळ पाहण्यासारखा असतो. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांची तिथे सही नसून चित्रं असतात. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी. निवाड्याची जबाबदारी कुणी कुणी घेतली, हे निरक्षर माणसालाही त्या कागदावर वाचता येई.

या सभेचं फार गुणगान करायला नको. तिथली जागा जन्मानं मिळे, बायकांना ती नव्हतीच, आणि जातीची उतरंड निवाड्यातही उतरे. तरी १८१८नंतर दख्खनचा कारभार हाती घेणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला पंचायत टिकवावीशी वाटली. लोक तिचा निवाडा मानतात, हे त्यानं पाहिलं होतं.

गोऱ्याला ज्यूरी, गोंडाला असेसर

इंग्रजांनी स्वतःची ज्यूरी आणली ती आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांत. हिंदी माणसाला तिच्यात बसण्याची वाट १८२६च्या कायद्यानं उघडली. पण ख्रिस्ती आरोपीचा निवाडा करायला बिगरख्रिस्ती ज्यूरर चालणार नाही, अशी मेखही मारून ठेवली. राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठवला. १८३२ साली ती मेख निघाली.

जिल्ह्याजिल्ह्यांत ज्यूरी नेण्याची सोय १८६१च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं केली, पण कुठे द्यायची हे सरकारच्या मर्जीवर ठेवलं. चांदा तेव्हा मध्य प्रांतात. इथले सत्र खटले असेसरांच्या मदतीनं चालत. असेसर म्हणजे न्यायाधीशाशेजारी बसवलेले स्थानिक प्रतिष्ठित. खटला संपला की न्यायाधीश त्यांचं मत विचारी आणि ते मानायचं की नाही, हे स्वतः ठरवी. मत नोंदवलं जाई, बांधील नसे.

यातली खरी गोम, युरोपीय आरोपींचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालू देऊ पाहणाऱ्या इल्बर्ट बिलाच्या वादानंतर १८८४ साली झालेल्या तडजोडीत दिसते. जिल्ह्यात खटला चालणाऱ्या युरोपीय आरोपीला ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला आणि त्या ज्यूरीत निम्मे तरी युरोपीय किंवा अमेरिकन असावेत, अशी अटही घातली गेली. म्हणजे चांद्याच्या एकाच कोर्टात गोऱ्या आरोपीला कायद्यानं ज्यूरी मागता येई आणि गोंड किंवा कुणबी आरोपीच्या वाट्याला असेसर येत. ‘अडाणी मुलखात ज्यूरी चालत नाही’ हे कारण गोऱ्यापुरतं विसरलं जाई.

या जिल्ह्याचे सर्वांत गाजलेले दोन खटले लोकांच्या मताशिवायच निकाली निघाले. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. तेव्हा डेप्युटी कमिशनरच्या हातात कारभारही होता आणि न्यायही. पुढे ‘छोडो भारत’ चळवळीत १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर पेटलं, गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले. तो खटला युद्धकाळातल्या वटहुकमाखालच्या विशेष न्यायालयापुढे चालला. तिथे ज्यूरी नाही, असेसरही नाहीत. अनेकांना फाशी सुनावली गेली. देशभरातून दयेची मागणी झाली आणि उरलेल्यांची फाशी १९४५ साली टळली. म्हणजे लोकांना मत मांडायला मिळालं ते निकाल लागून गेल्यावर, सह्यांच्या अर्जांतून आणि सभांतून.

टिळकांपुढचे नऊजण

ज्यूरी मिळाली म्हणजे न्याय मिळाला, असंही नाही. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली मुंबई हायकोर्टात राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा नऊ ज्यूरर होते, सहा युरोपीय आणि तीन हिंदी. निकालाची फूट अगदी त्याच रेषेवर पडली. सहा म्हणाले दोषी, तिघे म्हणाले निर्दोष. हायकोर्टात किमान सहाजणांचं एकमत आणि न्यायाधीशाची संमती लागे. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांची संमती होती. त्या सहांतला एक जरी इकडे आला असता तर ती ज्यूरी बरखास्त करावी लागली असती. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

१९०८ साली पुन्हा तेच. या वेळी खास ज्यूरी, सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी वकील बाजूला ठेवून स्वतः बाजू मांडली आणि एकवीस तासांहून अधिक काळ ज्यूरीपुढे बोलले. त्यांचा सगळा रोख न्यायासनापेक्षा त्या नऊजणांवर होता. इंग्लंडात छापखान्याचं स्वातंत्र्य ज्यूरींनी कसं राखलं, याचा इतिहास त्यांनी समोर ठेवला. ‘केसरी’तले लेख कोणत्या हेतूनं लिहिले हे तुम्ही ठरवायचं आहे, सरकारी भाषांतरानं नव्हे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले.

ज्यूरीचा दोष इथे उघडा पडतो, आणि गुणही. यादी कोण करतो, त्यावर निवाडा ठरतो. मराठी लेखांवरचा खटला मराठी न समजणाऱ्या बहुमतापुढे चालला, तर ‘लोकांचा निवाडा’ हे शब्द पोकळ होतात. पण न्यायाधीश एकटा असता तर कागदावर एकच मत उरलं असतं. ज्यूरीमुळे १८९७च्या तिघांचं आणि १९०८च्या दोघांचं ‘नाही’ इतिहासात नोंदलं गेलं.

नानावटी, आणि नंतर

ज्यूरी गेली ती नानावटी खटल्यामुळे, अशी समजूत पक्की आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकानं नानावटींची बाजू लावून धरली. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्यूरीनं आठ विरुद्ध एक मतानं ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही. सत्र न्यायाधीशाला अशा वेळी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवता येई, तसं त्यांनी पाठवलं. हायकोर्टानं जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयानं २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली.

ज्यूरी रद्द करण्याची शिफारस मात्र विधी आयोगानं आपल्या १४व्या अहवालात १९५८ सालीच केली होती, आहुजांच्या खुनाच्या आदल्या वर्षी. असेसर तर १९५५च्या दुरुस्तीनंच गेले होते. १९७३ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि फौजदारी कोर्टातून ज्यूरी संपली. पारशी विवाहाच्या वादांत मात्र समाजातून नेमलेले प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसण्याची पद्धत पुढेही चालू राहिली.

समजावून सांगण्याची सक्ती

ज्यूरीविरुद्ध नेहमीचा आक्षेप असा, की सामान्य माणसाला पुरावा कळत नाही, तो भावनेच्या भरात वाहतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्रभर नाटक बघून पहाटे घरी जाताना चूक सासऱ्याची की जावयाची यावर तावातावानं वाद घालणारा, आणि ‘पण त्यानं चिठ्ठी वाचलीच कुठं होती?’ असं विचारणारा प्रेक्षक पुराव्याच्या बाबतीत अडाणी ठरवणं अवघड आहे.

ज्यूरीचा मोठा गुण निकालात नसून तिच्यामुळे कोर्टाला लागणाऱ्या वळणात आहे. वकील नसलेल्या साध्या माणसांना पटवायचं असेल तर वकिलाला सोपं बोलावं लागतं. कायदा काय म्हणतो हे न्यायाधीशाला लोकांच्या भाषेत सांगावं लागतं. खटला तुकड्यातुकड्यानं वर्षानुवर्षं चालवता येत नाही, कारण त्या माणसांना घरी परत जायचं असतं. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला ज्यूरीतल्या सगळ्यांचं एकमत लागतं. राज्यांच्या कोर्टांनाही हे बंधनकारक असल्याचं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. एकमत हवं म्हटलं की गप्प बसलेल्या शेवटच्या माणसाचंही ऐकावं लागतं.

जपाननं २००९ पासून मधला रस्ता धरला. गंभीर खटल्यांत तीन न्यायाधीश आणि मतदार यादीतून चिठ्ठीनं निवडलेले सहा नागरिक एकत्र बसतात, दोष आणि शिक्षा मिळून ठरवतात. निव्वळ नागरिकांच्या बहुमतानं कुणी दोषी ठरत नाही, किमान एका न्यायाधीशाचं मत सोबत लागतं. तिथल्या वकिलांना कागदांच्या गठ्ठ्यांतून बाहेर येऊन तोंडी, सोप्या भाषेत बाजू मांडायला शिकावं लागलं.

आपल्या हातात काय आहे

फौजदारी खटल्याचा निवाडा गावाकडे नसला, तरी आपल्या जिल्ह्यांत लोकांनी मिळून ठरवण्याची सवय मोडलेली नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावची ग्रामसभा बहुमत घेत नाही, सर्वसहमती होईपर्यंत बोलत राहते. पेसा कायद्यानं १९९६ साली अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांची तंटे सोडवण्याची रूढ पद्धत मान्य केली. राज्यानं २००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगावी समित्या बसल्या. समितीचं काम समेटाचं, गंभीर गुन्ह्यात तिला हात घालता येत नाही. शिवाय समितीवर कोण बसणार, हे गावातल्या वजनावर ठरलं की टिळकांच्या ज्यूरीचंच दुखणं पुन्हा उभं राहतं.

उरतो तो पंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही झडतीला परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी लागतातच, आणि लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय नकार देणं गुन्हा आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता सक्तीचं आहे. जप्तीचा माल कापडात बांधतात, गाठीवर लाख ओततात, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवतात. त्या चिठ्ठीवर खटला उभा राहतो. म्हणूनच जिथे तिथे तेच ठेवणीतले पंच दिसले की बचावाचा वकील खूश होतो, आणि रोजी बुडवून आलेला खरा पंच कोर्टात ‘आठवत नाही’ म्हणाला की त्याच्यावर फितूर असा शिक्का बसतो.

ज्यूरी परत आणा, असं म्हणणं आज सोपं आणि निरुपयोगी आहे. तिच्यातलं जे चांगलं ते पंचाला देणं शक्य आहे. पंचांची नावं मतदार यादीतून चिठ्ठीनं निघावीत, बायकांसकट. बुडालेल्या दिवसाचा भत्ता त्याच दिवशी मिळावा. सहीआधी पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवावा आणि एक प्रत पंचाकडे राहावी, म्हणजे तीन वर्षांनी तो स्मरणशक्तीच्या भरवशावर उभा राहणार नाही. खालच्या कोर्टांची भाषा १९९८च्या अधिसूचनेनं मराठी झालीच आहे, तेव्हा निकाल लागल्यावर त्याचा मराठीतला गोषवारा पंचालाही जावा. यातल्या बहुतेक गोष्टी आदेश काढूनही होण्यासारख्या आहेत. ज्या माणसाच्या सहीवर दुसऱ्याला तुरुंगात धाडता येतं, त्या माणसाला त्या सहीचं पुढे काय झालं हे सांगणं न्यायव्यवस्थेला जड जाऊ नये.