खानावळींचा रस्ता

गटाच्या बैठकीत खानावळीचा विषय निघाला की पहिला प्रश्न जागेचा असतो, दुसरा भांडवलाचा. तिसरा हळूच कुणीतरी विचारतं, घरच्यासारखं जेवायला पैसे मोजून कोण येणार? त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आज जरा लांब जाऊ, थेट अमेरिकेच्या दक्षिण भागात. आम्ही स्वतः तिथे गेलेलो नाही. जे वाचलं, ऐकलं, ते सांगतो.

तिकडे लोक सुट्टीत गाडी काढतात ती कित्येकदा फक्त जेवण्यासाठी. न्यू ऑर्लिन्सहून निघायचं, माँटगोमेरी करत सव्हाना गाठायचं आणि पुढे समुद्रकाठच्या चार्ल्सटनला पोचायचं. सगळा रस्ता सुमारे १२०० किलोमीटरचा. ताटात काय येतं म्हणाल, तर तळलेलं चिकन, मक्याचा पाव, मक्याच्या कण्यांची घट्ट पेज आणि तिच्यावर कोळंबी. शिवाय चवळी, भेंडी, शिजवलेली पालेभाजी. चवळी आणि भेंडी आपल्या बांधावरच्याच. तिथे मात्र त्या आफ्रिकेतून गेल्या, ज्या माणसांना गुलाम करून जहाजांत कोंबून नेलं त्यांच्याबरोबर. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिकडे चवळी-भात शुभ मानून खातात.

हा रस्ता पूर्वी सगळ्यांना मोकळा नव्हता. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसू देत नसत. प्रवासात जेवायचं कुठे, रात्री टेकायचं कुठे, हीच चिंता. न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन नावाच्या पोस्टमननं १९३६ पासून एक मार्गदर्शक पुस्तिकाच काढली. काळ्या प्रवाशाला कुठे अपमान न होता जेवण मिळेल, हे तिच्यात छापलेलं असे. पाहुण्यांना खोली देणाऱ्या बायकांची घरंही त्यात असत. १९६४ च्या कायद्यानं हॉटेलांची दारं सर्वांना उघडावी लागली.

न्यू ऑर्लिन्समध्ये ‘डुकी चेस’ नावाचं हॉटेल आहे. १९४१ साली सासू-सासऱ्यांनी सँडविच आणि लॉटरीची तिकिटं विकायला सुरू केलेलं ते छोटं दुकान. सून लिआ चेस घरात आल्या १९४६ मध्ये. आपल्या लोकांनाही टेबलावर कापड घालून, मानानं वाढलेलं जेवण मिळायला हवं, असा त्यांचा हट्ट. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं बेकायदा होतं, तेव्हा त्यांच्या माडीवर दोघंही बसून हक्कांच्या चळवळीच्या बैठका घेत. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी तिथे पालेभाज्यांचं दाट कालवण होतं. आपल्या ऋषीच्या भाजीसारखं, पण दुसऱ्या दिवशी उपास म्हणून यात मांसही भरपूर. पाल्यांची संख्या विषमच हवी, आणि जितके पाले तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात म्हणे. २००५ च्या कॅटरिना वादळात हॉटेलात पाणी शिरलं. लिआबाई तेव्हा ऐंशी पार केलेल्या. तरी २००७ मध्ये चूल पुन्हा पेटली. २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी त्या गेल्या.

आता माँटगोमेरी. इथे जरा थांबू, कारण ही गोष्ट बचत गटाच्या बाईनं ऐकावी अशीच आहे.

१९५५ च्या डिसेंबरात तिथल्या काळ्या लोकांनी शहर बसवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस माणसं कामावर जाणार कशी? चळवळीनं स्वतःच्या गाड्यांची सोय केली. पण गाड्यांना पेट्रोल लागतं, आणि पेट्रोलला पैसे. जॉर्जिया गिलमोर नावाची सहा मुलांची आई एका खानावळीत स्वयंपाकाला होती. बसवाल्यानं तिचाही अपमान केलेला. भाडं घेतलं, खाली उतरून मागच्या दारानं चढ म्हणाला, आणि ती उतरताच बस घेऊन निघून गेला.

जॉर्जियाबाईंनी बायका जमवल्या. घरोघरी चिकनची सँडविचेस, गोड पाय आणि केक व्हायचे. ते चर्चच्या सभांत, केस करायच्या दुकानांत, लाँड्रीत, टॅक्सीच्या थांब्यावर विकले जायचे. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या. चळवळीला मदत करते हे मालकिणीला कळलं तर काम जायचं. म्हणून गटाचं नावच ठेवलं ‘कुठूनच नाही मंडळ’. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं, तर उत्तर खरंच द्यायचं, कुठूनच नाही! सगळा व्यवहार रोखीत. कुणी रांधलं, कुणी विकत घेतलं, हे फक्त जॉर्जियाबाईंना ठाऊक. घेणाऱ्यांत गोरे लोकही होते. आठवड्याच्या सभेत त्या रक्कम जाहीर करून हाती देत, आणि सभा टाळ्यांनी दणाणून जाई. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स नावाच्या बाईंनी असाच दुसरा गट काढला. मग जास्त कोण जमवतं याची चढाओढ लागली!

आम्ही दर बैठकीला सांगत असतो, नोंद ठेवा, सह्या घ्या. इथे नोंद नसणं हेच बायकांचं संरक्षण होतं. एका बाईच्या शब्दावर सगळा हिशेब. सगळ्या गटांना हे जमेल असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

१९५६ मध्ये जॉर्जियाबाईंनी कोर्टात उभं राहून बसवाल्याची हकिकत सांगितली आणि त्यांची नोकरी गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना घरीच स्वयंपाक करून विकायला सुचवलं, सुरुवातीला पैशांची मदतही केली. मग त्यांच्या घरातच खानावळ चालू झाली. तिथे काळे-गोरे दाटीवाटीनं जेवू लागले. १९९० मध्ये, सेल्माच्या मोर्चाला २५ वर्षं झाली तेव्हा, मोर्चेकऱ्यांसाठी स्वयंपाक करतानाच त्या आजारी पडून गेल्या. तेच अन्न घरच्यांनी सांत्वनाला आलेल्यांना वाढलं.

सव्हानात सेमा विल्क्स यांची खानावळ आहे, १९४३ पासूनची. मूळ ते भाडेकरूंना खोली आणि जेवण देणारं घर. आजही फक्त दुपारचं जेवण. बाहेर रांग लागते. दहा-दहा जणांच्या टेबलावर अनोळखी माणसं शेजारी बसतात, भाज्यांची भांडी एकमेकांकडे सरकवतात आणि जेवून झालं की आपलं ताट आपणच आत नेऊन ठेवतात. यातली गोम बघा. काय हवं ते विचारत फिरायला नको, दहा प्रकारच्या मागण्या नकोत, ताटं उचलायला जादा माणूस नको. जे शिजलं ते सगळ्यांना. खर्च तिथेच वाचतो. आपल्याकडे कुणी पाहुण्याला ताट उचलायला सांगितलं तर काय होईल, ते वेगळं!

शेवटचा मुक्काम चार्ल्सटनजवळ, खाडीतलं बोवेन्स आयलंड. १९४६ साली मे आणि जिमी बोवेन या नवराबायकोनं तिथे कालवं द्यायला सुरुवात केली. पद्धत साधी. विस्तवावर लोखंडी पत्रा, त्यावर कालवांचे घोस, वर ओलं गोणपाट. वाफेनं शिंपा उघडल्या की फावड्यानं उचलून थेट टेबलावर. फोडायचं काम खाणाऱ्याचं. २००६ मध्ये आग लागून जागा जळाली, पुन्हा बांधली.

त्या राज्यात खाऊन उरलेल्या शिंपा फेकत नाहीत. सरकारी खातं त्या गोळा करतं, सहा महिने उन्हात वाळवतं, आणि स्वयंसेवक जाळीच्या पिशव्यांत भरून खाडीत परत ठेवतात. कारण कालवाच्या पिल्लाला चिकटायला काहीतरी टणक लागतं, आणि जुन्या शिंपेसारखं दुसरं काही नाही. कोकणातल्या ज्या मैत्रिणी ओहोटीला कालवं काढायला जातात, त्यांनी तुमच्याकडे शिंपांचं काय होतं ते आम्हाला जरूर कळवा.