हृदयावरचा व्रण बाहेरून कसा दिसतो?

हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस घरी परतला की घरात शुक्राना होतो, आणि व्हायलाच हवा. पण त्याच्या हृदयाची किती हानी झाली, हे त्यानंतर समजून घ्यावे लागते.

रक्तवाहिनी बंद पडली की तिच्यावर जगणारा हृदयाचा स्नायू तासाभराच्या आतच मरू लागतो. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी व्रण तयार होतो. व्रण भरतो, पण आकुंचन पावत नाही. म्हणून दम लागतो, पायांना सूज येते, कधी ठोके बिघडतात.

मात्र हलत नसलेला सगळाच स्नायू मेलेला नसतो. रक्त कमी पडल्याने काही भाग नुसता निपचित पडतो. रक्त मिळाले तर तो पुन्हा काम करू शकतो. बायपास किंवा अँजिओप्लास्टीचा किती फायदा होईल, हे ठरवताना डॉक्टरांना हा फरक कळणे महत्त्वाचे असते.

पहिली तपासणी इकोची. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त पुढे ढकलतो, ते रिपोर्टमध्ये 'ईएफ' म्हणून लिहितात. साधारण ५५च्या वर चांगला. ३५ किंवा त्याखाली असेल तर जास्त काळजी लागते. पण भिंत मेली आहे की निपचित, हे साधा इको नेहमी सांगू शकत नाही.

ते पाहायला थॅलियम किंवा पेट स्कॅन करतात. जिवंत स्नायू औषध शोषतो, व्रण शोषत नाही. हृदयाच्या एमआरआयमध्ये शिरेतून गॅडोलिनियम देतात. दहा-पंधरा मिनिटांनी व्रण पांढरा चमकतो. भिंतीच्या निम्म्याहून कमी जाडीत व्रण असेल, तर सुधारणेची आशा जास्त असते. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो.

जाण्याआधी स्कार्फच्या पिना, दागिने, धातूचा ताईत काढून ठेवा. पेसमेकर, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातले पेशंट सोलापूर, लातूर किंवा पुण्याला जातात. निघताना जुने ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीची सीडी सोबत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता इलाज बसतो, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

अटॅक सुरू असताना मात्र या तपासण्यांची वाट पाहू नका. तेव्हा १०८ला फोन करून लगेच दवाखाना गाठा. पण पुढच्या ऑपरेशनसाठी शेत गहाण ठेवायची वेळ आलीच, तर आधी डॉक्टरांना अदबीने विचारा, "अब्बांचा किती स्नायू जिवंत आहे? त्यासाठी आणखी एखादी तपासणी हवी का?" हा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, तो घरच्यांचा हक्क आहे.