चाकांवरची ओसरी

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते. सोबत दिंड्यांचे ट्रक असतातच. खाली भांडीकुंडी, वर राहुट्या. आईचे गुडघे साथ देईनात, पण ही वाट तिला एकदा तरी डोळे भरून पाहायची होती. म्हणून गेल्या आषाढात माझ्या छोट्या ट्रकवर उचलते छप्पर बसवायचे मी ठरविले.

चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप, त्यांच्या आत जरा बारीक पाइप, वर पत्रा. मुक्कामी आतले पाइप दोन फूट उचलायचे, भोकांत खिळ्या घालायच्या आणि चहूबाजूंनी ताडपत्री सोडायची. गाडी चालताना छप्पर खाली. नाही तर वारा भरतो, फांद्या अडतात. हौद्यात माणसे बसवायची नाहीत, म्हणून वाटेत आई केबिनमध्ये आणि मुक्कामी हौद्यात.

छप्पर मी सपाटच ठेवले होते. सणसरच्या पावसात पत्र्यावर तळे साचले आणि तो मधोमध लचकला. रात्रीच मागच्या खिळ्या एक भोक खाली घेतल्या. उतार मिळाला, पाणी वाहून गेले.

निमगाव केतकीला पुन्हा सर आली. मध्यरात्री पाहतो तो हौद्यात दिंडीतल्या चार म्हाताऱ्या गाढ झोपलेल्या आणि आई फाळक्याशी पाय आखडून बसलेली.

"आई, हे तुझ्यासाठी केलं होतं गं!"

"म्हणूनच बोलावलं त्यांना," ती म्हणाली. "त्या दिवसभर चालल्यात. मी गाडीत बसून आले."

सकाळी इंदापुरात शिरताच मी आधी एक रुंद फळी विकत घेतली.