आत्याला आधी विचारा

पणजोबांच्या दाखल्यावर 'ता. माहीम, जि. ठाणे' असे दिसले की घरातली तरुण मंडळी थेट मुंबईच्या माहीमकडे बोट दाखवतात. हे माहीम केळव्याजवळचे. इंग्रजांच्या काळात तालुका त्याच्या नावाने चाले. ते आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो तर ठाण्यातून 1 ऑगस्ट 2014 रोजी वेगळा झाला. उत्तरेकडचे उंबरगाव 1960 मध्ये गुजरातेत गेले. तिथे दिलेल्या लेकींच्या सासरचे पुढचे कागद गुजरातीत.

वंशावळ एरवी कुणाला आठवत नाही, आठवते जातपडताळणीच्या वेळी. अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो, हे पाठ असते. मग शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक, जमिनीचे फेरफार यांसाठी धावपळ. जुना कागद मोडी लिपीत निघाला, तर वाचणारा शोधा.

पण या वंशावळीत बापाकडून मुलगा एवढीच माळ असते, लेकी गळतात. नुकसान इथेच होते. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे आजोबांचा जन्म पणजीच्या गावी. नोंद बोईसरला शोधताय आणि ती पडली आहे चिंचणीला! पणजीचे माहेर सरकारी तक्त्यात नसते, ते आत्याला माहीत असते.

तिला साल विचारू नये. "तुझ्या लग्नाला मामाकडून कोण आलं होतं गं?" असे विचारले की नावे, गावे, रुसवे सगळे बाहेर पडते. जुन्या लग्नातली आहेराची वही मिळाली तर सोनेच. राऊत-पाटील गावोगाव सापडतात, पण वहीत नावापुढे गाव असते. काळ ठरवायला खुणा पुरतात: वारली पाड्यांवर 1945 चा लाल बावट्याचा उठाव, तारापूरकडे 1969 ला सुरू झालेली अणुवीज.

पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे तारापूरच्या पुढच्या अणुभट्ट्यांसाठी उठली. तिथल्या म्हाताऱ्यांकडून आधी घरांचा क्रम कागदावर काढून घ्यावा. शेजार आठवला की नाती उलगडत जातात. दोन आत्यांचे सांगणे जुळले नाही, तर दोन्ही म्हणणी नावानिशी लिहून ठेवावीत आणि दोघींच्या आजोळच्या शाळेत रजिस्टर पाहावे.