शर्यतीचा घोडा आणि सापाच्या विषावरचे औषध

सारंगखेड्याचा घोडेबाजार ठाऊक नाही असा माणूस नंदुरबार जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे येतात. एकेकाची लाखातली किंमत ऐकून आपण कष्टकरी माणसे नुसती मान हलवून पुढे सरकतो. पण शर्यतीत धावणारा थरोब्रेड घोडा निराळा. त्याची पैदास पुण्याकडच्या स्टड फार्मवर होते. त्या फार्मच्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या शेताच्या बांधापर्यंत येतो, म्हणून हा लेखप्रपंच.

थरोब्रेड ही जात इंग्लंडात तयार झाली. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी तुर्की-अरबी रक्ताचे तीन घोडे तिथे नेले आणि तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर केला. 1791 साली त्यांच्या वंशावळीचे बुक निघाले. तेव्हापासून ज्याच्या आईबापाची नोंद बुकात नाही, तो कितीही पळो, या शर्यतीत त्याला उभे करत नाहीत. जन्मावरून लायकी ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला नवा नाही! असो.

पुण्यात सोली पूनावाला यांनी 1946 साली असा स्टड फार्म काढला. घोडी अकरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच शिंगरू देते. त्यामुळे हा धंदा पैसेवाल्यांचाच. मालकांची नावे पेपरात येतात, पहाटे उठून तबेला झाडणाऱ्या मोतद्दाराचे नाव मात्र कुठल्याच बुकात नसते.

शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हे फार्म मुंबईच्या हाफकिन संस्थेला देत असे. प्लेगच्या साथीनंतर 1899 साली परळला सुरू झालेली ही सरकारी संस्था. तिला म्हाताऱ्या घोड्यांचे काय काम? धनुर्वाताचे किंवा सापाचे विष घोड्याला अगदी थोडे थोडे टोचत गेले, की त्याच्या रक्तात विषाला मारक द्रव्य तयार होते. मग थोडे रक्त काढून त्यातून औषध बनवतात. त्यालाच सिरम म्हणतात. म्हणजे घोड्याचे पळणे संपले तरी त्याच्या रक्ताची किंमत संपत नव्हती.

सोलींचे चिरंजीव सायरस पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र कॉलेजचे, आमच्यासारखेच कॉमर्सवाले. घोडे आपले, तर औषधही आपणच का बनवू नये, हा त्यांचा हिशेब. त्या काळी अशी औषधे देशात अपुरी होती, बाहेरून महाग यायची. 1966 साली त्यांनी हडपसरला सिरम इन्स्टिट्यूट काढली. आधी धनुर्वाताचे सिरम, पुढे सापाच्या विषावरचे सिरम आणि लहान मुलांच्या लसीही. 2021 साली आपण दंड पुढे करून घेतलेली कोविशील्डही तिथलीच. शर्यतीवर पैसे लावून संसार बुडवणारे पुष्कळ. तबेल्यातून औषधाचा कारखाना निघाला, ही गोष्ट मात्र मोलाची.

आता बांधाची गोष्ट. 2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात शेतात राबणारेच जास्त. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच औषध चालते, आणि ते आजही घोड्याच्याच रक्तातून येते. म्हणून साप चावला तर भगताकडे वेळ घालवू नका. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. चावलेला हातपाय हलू न देता माणसाला सरकारी दवाखान्यात न्या. हे औषध घोड्याचे असल्याने कुणाकुणाला त्याची रिॲक्शन येते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. लेकराला मोठ्या माणसाइतकाच डोस देताना पाहून बायाबापड्या घाबरतात. घाबरू नये. डोस ठरतो तो विषावर, आणि सापाने सोडलेले विष लेकरू लहान म्हणून कमी नसते.