चित्रातला स्वयंपाक आणि घरातले मूल



पाकशास्त्राचे पुस्तक म्हटले म्हणजे गृहिणीचे पुस्तक, अशी आपली समजूत आहे. मराठीत ती परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. आजचा विषय मात्र निराळ्या पुस्तकाचा आहे. त्यात हत्ती सोंडेने ताक घुसळतो, उंदीर पोळपाटावर घसरतो, माकड भाकरीची टोपी करते. ते चार वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावयाचे. ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याला आपण चुलीजवळ फिरकू देत नाही, त्याला हे पुस्तक कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील.

योहान कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांसाठी सचित्र पुस्तक काढले. त्यात पाव भाजणे आणि स्वयंपाकघर यांचीही चित्रे आहेत. मुलाला वस्तू आधी कळते, शब्द मागाहून येतो, हे त्याचे सूत्र. परात, तवा, कोथिंबीर ह्या वस्तू मूल रोज पाहते. म्हणून त्यांच्या चित्रांपासून आरंभ केला तर त्याला काहीच परके वाटत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. पीठ चाळले, मळले, थापले, तव्यावर टाकले, भाकरी फुगली. हा क्रम म्हणजे एक संपूर्ण गोष्टच होय. तो उलटा करून पाहा. भाकरी आधी फुगली आणि मग ज्वारी दळली, असे म्हणा. मूल खदखदून हसेल. ज्याला बरोबर काय ते ठाऊक असते, त्यालाच चुकीचे हसू येते. म्हणून ह्या हसण्यापेक्षा वेगळी परीक्षा घेण्याचे कारण नाही.

पुस्तक वाचून दाखवावे कसे? १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन वर्षांच्या मुलांवर महिनाभर एक प्रयोग केला. काही पालकांनी नेहमीसारखे वाचले. काहींनी मध्ये थांबून मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाच्या उत्तरात भर घातली. दुसऱ्या गटातील मुलांची भाषा अधिक वाढली. म्हणून ‘हे काय?’ एवढ्यावर थांबू नये. ‘माकडाला आता आई काय म्हणेल?’ असे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरावा. पान मुलालाच उलटू द्यावे.

पुस्तकातला शब्द आणि घरातला शब्द पुष्कळदा वेगळे असतात. पुस्तकात भाकरी असेल, वडनेर भोलजीच्या घरात ती भाकर असते. पुस्तकात उलथणे असेल, वऱ्हाडात सराटा म्हणतील. मुलाचा शब्द खोडू नये. दोन्ही सांगावेत. घरचा शब्द गमावून मिळवलेली भाषा लंगडीच राहते.

परंतु चित्रापाशीच थांबलो तर काम अर्धे राहील. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले आणि ओतणे, निवडणे, पुसणे ह्या घरगुती कामांना शिक्षणात मान दिला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी साधने घडविली. तेव्हा पान मिटले की मुलापुढे शेंगा सोलावयास ठेवाव्यात, कणकेचा एक गोळा द्यावा. विस्तव आणि विळी मोठ्यांकडे. बाकीचे पुष्कळ काम लहान हातांना जमते.

हे मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. ‘तू मुलगा, इथे कशाला?’ असे म्हणून आपण मुलाला स्वयंपाकघरातून घालवतो, आणि पुढे तो आपल्याच घरात पाहुण्यासारखा ताटाची वाट पाहत बसतो. मुलीला मात्र तेच काम खेळ न राहता सक्तीचे होते. चित्रातला हत्ती ताक घुसळताना आपण स्त्री की पुरुष, हे विचारीत नाही. ही गोष्ट वडिलांनी मांडीवर घेऊन वाचली, तर उपदेशाची गरजच उरत नाही.

असे पुस्तक घरी नसेल तरी अडत नाही. जुन्या वहीची चार पाने घ्या, चार वेडीवाकडी चित्रे काढा आणि मुलाला विचारा, पुढे काय झाले? पुस्तक तेथूनच सुरू होते.