दानाच्या बाटल्यांचं तळघर

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचं गाव आहे. शंभर वर्षांच्या युद्धाची धग निवत होती, दुष्काळाने आणि रोगराईने माणसं हैराण झाली होती, अशा काळात १४४३ साली बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी तिथे गोरगरिबांसाठी इस्पितळ उभारलं. रंगीत चकचकीत कौलांची ती इमारत आजही उभी आहे, आणि १९७१ सालापर्यंत तिथे रुग्णांची सेवा होत होती. इस्पितळ चालवायचं तर उत्पन्न हवं. बर्गंडीत जमीनदाराकडे देण्यासारखं काय असणार, तर द्राक्षमळा. १४५७ साली पहिला मळा इस्पितळाला दान मिळाला आणि पुढच्या पाच शतकांत असे तुकडे जोडले जात जात आज सुमारे ६० हेक्टरचा पसारा झाला आहे. या मळ्यांतली वाइन विकायची आणि त्या पैशावर आजाऱ्यांची सोय करायची, हा सरळ हिशेब.

१८५९ पासून ही विक्री जाहीर लिलावाने होते, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. पूर्वी मेणबत्ती विझेपर्यंत बोली चालायची. विकली जाते ती बाटली नव्हे, २२८ लिटरचं ओकचं आख्खं पिंप, आणि त्यातली वाइनही अवघ्या काही आठवड्यांची. काढणी सप्टेंबरातली आणि लिलाव नोव्हेंबरात! विकत घेणाऱ्याने ती स्थानिक व्यापाऱ्याकडे मुरायला ठेवायची, आणि वर्ष-दोन वर्षांनी पिंपामागे सुमारे २८८ बाटल्या हाती येतात. चिठ्ठीवर विकत घेणाऱ्याचं नाव छापून मिळतं. दात्याचं नाव तर असतंच, कारण इथल्या वाइनना दात्यांचीच नावं दिलेली आहेत. एका कॉर्तों वाइनला दॉक्तर पेस्त यांचं, एका बोन वाइनला खुद्द निकोला रोलँचं. आधी हा व्यवहार बर्गंडीच्या व्यापाऱ्यांपुरताच होता. २००५ साली लिलावाची सूत्रं क्रिस्टीजकडे गेली तेव्हा खासगी ग्राहकांनाही दार उघडलं. २०२१ पासून सदबीज हे काम बघते. दर वर्षी एक खास पिंप वेगळ्या सामाजिक कामासाठी विकलं जातं, आणि २०२२ साली अशा एका पिंपाला ८ लाख १० हजार युरो मिळाले.

बोनपासून सुरुवात केली, कारण धर्मादाय लिलावातून घरात येणाऱ्या वाइनचा हा सर्वांत शुद्ध नमुना आहे. मळा माहीत, वर्ष माहीत, पिंप माहीत, मुरवणारा माहीत. बाटली घरी येईपर्यंत तिच्या आयुष्यातला एकही दिवस अंधारात नाही. दानातून आलेल्या वाइनवर घरचं तळघर उभं करायचं असेल, तर हीच गोष्ट सगळ्यात मोलाची, आणि बहुतेक लिलावांत नेमकी हीच मिळत नाही.

अमेरिकेत या प्रथेला वेगळं वळण लागलं. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात १९८१ साली तिथल्या वाइन उत्पादकांनी आपला लिलाव सुरू केला आणि आजवर त्यातून स्थानिक आरोग्य आणि मुलांच्या कामांसाठी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आहे. २००० साली तिथे स्क्रीमिंग ईगलची १९९२ सालची सहा लिटरची एक बाटली ५ लाख डॉलरला गेली. पण हा मोठ्यांचा मामला झाला. सर्वसामान्य माणसाच्या वाट्याला येतो तो शाळेचा, इस्पितळाचा, वाचनालयाचा किंवा प्राणी-निवाऱ्याचा लिलाव. तिथे ‘इन्स्टंट सेलर’ नावाचा एक गठ्ठा हमखास असतो. संस्थेचे विश्वस्त, पालक आणि हितचिंतक प्रत्येकी एक-दोन बाटल्या आणून देतात. पन्नास-शंभर बाटल्या जमल्या की त्या एकत्र मांडून एकाच बोलीत विकतात किंवा सोडतीची तिकिटं काढतात. जिंकणाऱ्याला रातोरात भरलेलं तळघर मिळतं. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली मराठी कुटुंबंही मुलांच्या शाळांच्या अशा मेळ्यांत जातात. नापा आणि सोनोमा तर तिथून गाडीने तास-दीड तासावर आहेत.

या गठ्ठ्याचं मोल ओळखायचं तर आधी दात्याचं मन ओळखायला हवं. कुणी आपल्या संग्रहातली खरोखर उत्तम बाटली प्रेमाने काढून देतं. कुणी वाटेत दुकानात थांबून घेतलेली देतं, तीही चांगलीच, कारण ती ताजी असते. आणि कुणी पंधरा वर्षांपूर्वी भेट आलेली, स्वयंपाकघरात फ्रीजच्या वरच्या फळीवर उभी ठेवलेली बाटली देतं. फ्रीजच्या वर ऊब आणि थरथर दोन्ही असतात, म्हणजे वाइनसाठी घरातली सर्वांत वाईट जागा तीच. तिन्ही बाटल्या टेबलावर शेजारी शेजारी झळकत असतात. चिठ्ठ्या तिघींच्या छान दिसतात.

म्हणून गठ्ठा घरी आला की रॅकच्या आधी चाळणी. प्रत्येक बाटली उजेडासमोर धरून वाइनची पातळी बघायची. बोर्दोच्या आकाराच्या बाटलीत ती मानेत असेल तर उत्तम. वीस-तीस वर्षांची असेल तर खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली चालते. कोवळ्या वाइनची पातळी खांद्यापर्यंत आली असेल तर बुचातून हवा शिरली आहे, हे धरून चालायचं. बूच काठाच्या वर आलं असेल किंवा वेष्टणाखालून चिकट ओघळ आला असेल, तर बाटलीने कधीतरी उष्णता सोसली आहे. पांढऱ्या वाइनचा रंग तपकिरी पिवळा झाला असेल तर ती गोड वाइन असल्याखेरीज तिच्याकडून फारशी आशा नाही. पारदर्शक बाटलीतली शॅम्पेन दुकानाच्या झगझगीत दिव्याखाली राहिली असेल तर प्रकाशानेही तिची चव बिघडते.

यातून तीन ढीग आपोआप होतात. पहिला लगेच प्यायचा. लोकांना वाटतं की वाइन जितकी जुनी तितकी चांगली, पण जगात बनणाऱ्या वाइनचा फार मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच प्यावा अशाच बेताने बनवलेला असतो. बहुतेक रोझे, बहुतेक साध्या पांढऱ्या वाइन, नवा बोजोले, हे ठेवून सुधारत नाहीत. दुसरा ढीग संशयाचा. तो उघडून बघायचा आणि वाईट निघाला तर बिनदिक्कत ओतून टाकायचा. तिसरा ढीग खरा तळघराचा: चांगल्या सालातलं बोर्दो, बरोलो, बर्गंडीचे उत्तम मळे, जर्मन रीझलिंग, व्हिंटेज पोर्ट, नापाची दमदार काबर्ने. माझ्या मते शंभर बाटल्यांच्या गठ्ठ्यात हा तिसरा ढीग तीसचा निघाला तरी तो गठ्ठा छान मानावा. तळघराचा आकार याच ढिगावर ठरवावा, मिळालेल्या एकूण आकड्यावर नाही. लोक नेमकं उलटं करतात, शंभरांसाठी खोली बांधतात आणि सत्तर बाटल्या तिथे पडून राहून मरतात.

फार महागडी जुनी बाटली दानात आली असेल तर आणखी एक सावधगिरी. नकली वाइनचं जग मोठं आहे. रूडी कुर्नियावान याला नकली वाइन विकल्याबद्दल २०१३ साली अमेरिकेत दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावातून त्याच्याकडून आलेल्या क्लो सँ-दनीच्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या, कारण बर्गंडीचे वाइन उत्पादक लोराँ पोंसो स्वतः तिथे गेले आणि त्यांनी सांगितलं की या बाटल्यांवर १९४५ पासूनची सालं आहेत, पण आमच्या घराण्याने ही वाइन १९८० च्या दशकात बनवायला सुरुवात केली. शाळेच्या मेळ्यात असली तपासणी करणारं कुणी नसतं. दाता अगदी सज्जन असतो, पण त्याने ती कुठून घेतली, हे त्यालाही आठवत नसतं. संस्थेला विचारायला मुळीच संकोचू नये. ही बाटली कुणी दिली, कधी आणि कुठून घेतली, कुठे ठेवली होती? दाते बहुधा आनंदाने सांगतात. उत्तर कागदावर लिहून बाटलीच्या मानेला बांधावं. बोनच्या पिंपावर जे आधीच लिहिलेलं असतं, ते आपल्याला असं गोळा करावं लागतं.

आता खोली. वाइनला हवं असतं सुमारे १३ अंश तापमान, ६० ते ७० टक्के आर्द्रता, अंधार आणि शांतता. यातलं पहिलं सर्वांत महत्त्वाचं, आणि त्यातही स्थिरपणा. वर्षभर १५ अंशांवर राहिलेली वाइन दिवसा २२ आणि रात्री १२ अशी हेलकावे खाणाऱ्या वाइनपेक्षा कितीतरी सुखात असते. प्रत्येक चढउताराबरोबर बाटलीतला द्रव फुगतो, आकसतो आणि बुचाच्या कडेने थोडी थोडी हवा आत ओढतो. बाटली आडवी ठेवायची ती बूच ओलं राहावं म्हणून. स्क्रू झाकणाच्या बाटलीला याची गरज नाही.

जमिनीखाली काही मीटर गेलं की मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी हवेइतकं असतं. बोनला ही सरासरी ११-१२ अंशांच्या आसपास येते, म्हणून तिथली तळघरं यंत्राविना शतकानुशतकं चालली. बे एरियात थोडी मदत मिळते. टेक्सास किंवा फ्लोरिडात खणूनही उपयोग नाही. आणि पुण्यात तर वार्षिक सरासरीच २५ अंशांच्या घरात आहे, तेव्हा महाराष्ट्रात कितीही खोल खणलं तरी वाइनसाठी पुरेसं गार तळघर मिळणार नाही. म्हणून इथे शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने खोली बांधायच्या फंदात पडू नये. थरथर न करणारा, तीस ते पन्नास बाटल्यांचा वाइन-फ्रीज पुरतो. परदेशातल्या आपल्या माणसांनी हेही लक्षात ठेवावं की भारतात येताना प्रौढ प्रवाशाला करमुक्त मद्य फक्त दोन लिटर आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. जिंकलेला गठ्ठा नातेवाइकांना भेट म्हणून आणायचे बेत तिथेच थांबतात.

अमेरिकेत घराच्या बेसमेंटमध्ये खोली बांधायची ठरली, तर खर्च भिंतींच्या आत करा, दिसणाऱ्या लाकडावर नंतर. भिंतीत जाड उष्णतारोधक थर, छतात त्याहून जाड, आणि त्या थराच्या उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या बाहेरच्या अंगाला, प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा. हा पडदा चुकीच्या बाजूला लागला तर बाहेरची ओलसर हवा गार भिंतीत शिरून पाणी होते आणि आतल्या आत बुरशी धरते. ते कळतं तेव्हा भिंत फोडावी लागते. दरवाजा घराच्या बाहेरच्या दरवाजासारखा भरीव, चारही कडांना रबरी पट्टी आणि खाली फट बंद करणारी पट्टी असलेला. गार करायला घरगुती एसी चालत नाही, कारण तो सहसा १६-१८ अंशांच्या खाली जात नाही आणि हवा कोरडी करतो. सेलरसाठीचं वेगळं यंत्र मिळतं. त्याची गरम हवा बाहेर टाकायला शेजारची मोकळी जागा लागते, आणि ही गोष्ट आराखड्यात बहुतेक वेळा राहून जाते.

रॅकची मापं आधी नीट मोजावीत. दानाच्या गठ्ठ्यात सगळ्या आकाराच्या बाटल्या असतात. बोर्दोची बाटली सडपातळ, बर्गंडीची आणि शॅम्पेनची पोटाशी रुंद, मॅग्नम दीड लिटरची. सगळी घरं एकाच मापाची केली तर सर्वांत मानाच्या बाटल्या जमिनीवर राहतात. वजनही विचारात घ्यायला हवं. भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास असते, म्हणजे पाचशे बाटल्या सहाशे किलोंच्या पुढे जातात. वरच्या मजल्यावर एवढं ओझं उभं करण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याचं मत घ्यावं. आत रंगाचे डबे, कांदे-बटाटे ठेवू नयेत. फरशी पुसायला ब्लीच वापरू नये. क्लोरीन, ओल आणि लाकूड एकत्र आले की ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं रसायन तयार होऊ शकतं. त्याने वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि तो काही केल्या जात नाही.

पैशाबद्दल थोडंच. अमेरिकेत अशा लिलावात दिलेल्या सगळ्याच रकमेवर करसवलत मिळत नाही. वस्तूची बाजारातली खरी किंमत वजा करून वर जे उरतं, तेवढंच दान. हजार डॉलरच्या गठ्ठ्याला दीड हजारांची बोली लावली तर पाचशे. वाइन देणाऱ्यालाही वाढलेली किंमत सहसा दाखवता येत नाही, संस्था ती वाइन विकून टाकणार असल्याने त्याची सवलत बहुधा मूळ खरेदीच्या रकमेत अडकते. मला हा नियम योग्य वाटतो. बोली लावताना बाटल्यांची किंमत मनाशी लावावी, आणि त्यावरची रक्कम शाळेसाठी, इस्पितळासाठी, मनापासून द्यावी. ‘स्वस्तात तळघर मिळालं’ या भावनेने बोली लावणाऱ्याला संस्थेचंही भलं करता येत नाही आणि स्वतःचंही.

शेवटी नोंदवही. वहीत असो किंवा संगणकावर, प्रत्येक बाटलीचं नाव, साल, दाता, आल्याची तारीख, पातळी, आणि ‘या सालापर्यंत प्यावी’ असा आपला अंदाज. दर सहा महिन्यांनी यादी चाळली की मुदत भरत आलेल्या बाटल्या आधी वर काढता येतात. वीस-तीस वर्षांची बाटली उघडायची असेल तर दोन दिवस आधी उभी करावी, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बूच ठिसूळ झालेलं असतं, त्यासाठी दोन पात्यांचं साधन वापरावं, ते बुचाच्या कडेने आत सरकवून हळू फिरवत वर घ्यावं. जुनी वाइन पहिल्या घोटाला दबलेली वाटते. तिला पंधरा-वीस मिनिटं द्यावीत, पण तास-दीड तास नको, कारण फार म्हातारी वाइन हवेत पटकन विरते. आणि जमत असेल तर ती बाटली देणाऱ्यालाच त्या संध्याकाळी जेवायला बोलवावं. मानेला बांधलेल्या चिठ्ठीवर त्याचं नाव असतंच.